पद्मावतीचे आवडते तीन

भास्करराव इंगवल्यांच्या सिनेमांबद्दल अधिकारवाणीने बोलणारं माणूस अख्ख्या मांद्रे गावात एकच होतं, आणि ते म्हणजे पद्मावती. भास्करराव हे कोल्हापूरकडचे बडे दिग्दर्शक. त्यांच्या नावावर माणसं सिनेमाला जात, नट कोण आहे ते नंतर विचारत. त्यांनी पुष्कळ सिनेमे काढले, पण पद्मावतीने त्यातले तीन वेगळे काढून ठेवले होते. ‘उसनी सावली’ चांगला, ‘मागच्या दाराची पणती’ त्याहून चांगला, आणि ‘तीन ओंजळी’ला तोड नाही. बाकीचे भास्कररावांनी पोटापाण्यासाठी काढले असावेत, असं तिचं मत होतं. हे मत ती विहिरीवर, लग्नघरात, पोह्यांच्या गिरणीत, कुठेही आणि कुणी न विचारता देत असे.

आता यातली गंमत सांगायला हवी. या तिन्हींपैकी एकही सिनेमा तिने पाहिला नव्हता.

तिने ते ऐकले होते, तिच्या नवऱ्याच्या, जयरामच्या तोंडून. गोवा मुक्त होऊन सातआठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. जयराम हरमलच्या मिरच्या घेऊन दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला जाई. शिवोलीची फेरीबोट धरायची, नदी ओलांडायची, पलीकडे बस. दुपारपर्यंत मिरच्या खपत, आणि मग तीनच्या खेळाला तो थेटरात जाऊन बसे. पद्मावतीला घर सोडून जाता येत नव्हतं. सासूला अर्धांगवायू झालेला, कूस बदलायलाही माणूस लागे. तेव्हा शुक्रवारी रात्री ती सासूला पेज भरवत बसे आणि जयराम उंबऱ्याला टेकून सिनेमा सांगे. सांगायची त्याला हातोटी होती. कोण कसं चाललं, कुणी पदर कसा ओढला, सगळं तो करून दाखवी. सासूसुद्धा ज्या बाजूने हसता येई त्या बाजूने हसायची. तो जरा थांबला की पद्मावती विचारी, “मगे?” तो पुढे सांगे. असे किती शुक्रवार गेले त्याचा हिशेब नाही.

‘तीन ओंजळी’बद्दल तर तिला विशेष अभिमान होता. “ह्यांनी तोंड उघडण्याआधी शेवट मला कळला होता,” असं ती बायकांना सांगायची. “मी सांगितला आणि हे म्हणाले, अगदी तस्साच!” हे ऐकून ऐकून शेजारच्या रुक्मिणीचे कान किटले होते. रुक्मिणीला सिनेमातलं काही कळत नसे, पण पद्मावतीला कळतं हे तिला मुळीच सहन होत नसे.

पुढे सासू गेली, मुलगा रघुनाथ मोठा होऊन कुवेतला लागला, घरात टीव्ही आला. आणि एके दिवशी भास्करराव वारल्याची बातमी आली. पद्मावतीला घरचं माणूस गेल्यासारखं वाईट वाटलं. पण लगेच दुसरी बातमी आली, की दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर त्यांचा एकेक सिनेमा दाखवणार. पहिलाच होता ‘उसनी सावली’. तिने शेजारपाजारच्या बायकांना आवतण दिलं, चहाचं आधण ठेवलं आणि जयरामसाठी भिंतीपाशी खुर्ची मांडली.

जयराम म्हणाला, “माका मारुतीच्या देवळात आरतीक जावचा आसा.”

“आज? भास्कररावांचो सिनेमा आसा!”

“बघितलेलो मी,” असं म्हणून त्याने टोपी घातली आणि तो गेला. देवळाचं त्याला एरवी इतकं वेड नव्हतं. पद्मावतीला ते जरा खटकलं, पण तेवढ्यात नावांच्या पाट्या सुरू झाल्या.

सिनेमा जयरामने सांगितला होता तसाच निघाला. दोन भाऊ, वाटणीवरून भांडण, धाकटा गिरणीत काम करायला निघून जातो, त्याचं पोर थोरल्याची बायको वाढवते. पद्मावती पुढचं पुढचं आधीच सांगत होती आणि बायका माना डोलवत होत्या. “आता बघा,” ती म्हणाली, “दिवाळीच्या पहाटे धाकटो येतलो. थोरलो कंदील घेवन आडवो जातलो आनी तोच कंदील त्याच्या हातात देतलो.”

पडद्यावर दिवाळीची पहाट झाली. थोरला कंदील घेऊन निघालाही. समोरून एक बैलगाडी आली, तिच्यात चादरीखाली झाकलेलं प्रेत होतं. थोरल्याने बाजूला होऊन वाट दिली, कुणाचं कोण म्हणून हात जोडले, आणि गाडी निघून गेल्यावर तो भावाची वाट बघत वेशीवर उभा राहिला. तिथेच सिनेमा संपला. बायका डोळे पुसत होत्या. पद्मावती मात्र टीव्हीकडे असं बघत होती की जणू त्याने तिची थट्टा केली आहे.

रुक्मिणीने नाक ओढलं आणि गोड आवाजात विचारलं, “पद्मावतीबाय, तुझो घोव खंयच्या थेटरात गेल्लो गो?”

त्या रात्री पद्मावतीने जयरामला काही विचारलं नाही. म्हातारपणी माणसं विसरतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण त्याने तेव्हा तरुणपणी, त्याच रात्री सांगितलं होतं, हेही तिच्या लक्षात होतं. शंकेची पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच.

आठवडाभर ती त्याच्याकडे नव्या नजरेने बघत होती. हा माणूस मिरची निवडताना गुणगुणतो, ते कुठलं गाणं? शुक्रवारी म्हापशाला जाताना अजूनही दाढी घोटून जातो, ती कुणासाठी? आणि मग तिला अबोलीच्या माळा आठवल्या. पहिली काही वर्षं जयराम बाजारातून बांगडे, चणे, पाव एवढंच आणायचा. मध्येच कधीतरी त्याने केळीच्या पानात गुंडाळलेली अबोलीची माळ आणायला सुरुवात केली, आणि नंतर एक शुक्रवार चुकवला नाही. तेव्हा तिला किती आनंद झाला होता! आता तिला वाटू लागलं, की मिरच्या विकणाऱ्या माणसाला अचानक फुलं सुचतात कशी? फुलं घेणाऱ्याला फुलं विकणारी कुणीतरी असतेच की. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण विचार काही थांबेना.

दुसऱ्या शनिवारी ‘मागच्या दाराची पणती’ होता. जयराम पुन्हा टोपी घालून आरतीला गेला. या खेपेला पद्मावतीने बायकांना पुढचं काहीच सांगितलं नाही. सिनेमातली विधवा मास्तरीण रोज मागच्या दारात पणती लावते, गावातून परागंदा झालेल्या माणसाची वाट बघते. जयरामने सांगितल्याप्रमाणे शेवटी तो माणूस येतो, आणि ती म्हणते आता हिची गरज नाही, आणि पणती विझवते. टीव्हीवर पणती विझली खरी, पण कुणीही आलं नव्हतं. मास्तरणीने आपल्याच हाताने ती विझवली, कुलूप लावलं आणि ती बदलीच्या गावाला निघून गेली.

“ह्योय वेगळो,” रुक्मिणी म्हणाली. चहा न घेताच ती उठली, कारण तिला ही बातमी गरम असतानाच दोन घरं पलीकडे पोचवायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयराम अंगणात चटईवर मिरच्या पसरत होता. पद्मावती पदर खोचून त्याच्या समोर उभी राहिली.

“तुमी त्या शुक्रवारांनी खंय जाय हुतास?”

“सिनेमाक.”

“सिनेमाक गेल्ल्या माणसाक शेवट ठावक नाय? एक न्हय, दोन न्हय! खोटा बोलाचा तर निदान समोर टीव्ही येवच्या आदी तरी मान्य करूचा हुता.”

जयरामचा मिरचीतला हात थांबला. तो खाली बघूनच म्हणाला, “शेवट मी खंयच्याच सिनेमाचो बघूक नाय.”

आणि त्याने सांगितलं ते असं. तीनचा खेळ सुटायचा सहाच्या पुढे. पण शिवोलीहून दिवेलागणीची फेरी चुकली, की पलीकडे मांद्र्याची शेवटची बस निघून जाई. तेव्हा नदीपलीकडच्या, पेडण्याकडच्या सगळ्या माणसांना खेळ रंगात आला की थेटरातून उठावं लागे. अंधारात एकामागून एक खुर्च्या वाजायच्या आणि म्हापशाची माणसं चिडून ओरडायची, ‘गेले रे पेडणेकार!’ मग फेरीत सगळे एकत्र जमायचे. पुढे काय झालं असेल यावर वाद चालायचा. एक शाळामास्तर होते, ते तत्त्वाचं बोलायचे. फेरीवरचा बाबाजी खलाशी होता, त्याने जन्मात सिनेमा बघितला नव्हता, पण शेवट तोच पास करायचा. माणूस मेलेला त्याला अजिबात खपत नसे. नदी ओलांडून चोपड्याच्या धक्क्याला लागेपर्यंत शेवट ठरलेला असायचा, आणि ज्याने त्याने तो आपापल्या घरी न्यायचा.

“माका तसाच सांगूचा हुता तर,” पद्मावती म्हणाली, “की शेवट बघूक नाय म्हणान.”

“तू दिसभर आवयच्या उशाक बसलेली. ‘मगे?’ म्हणान विचारी हुतंस. तुका अर्दोच सिनेमा कसो देवू?”

हे ऐकून एखादी विरघळली असती. पद्मावती विरघळली नाही. कारण गोष्ट फारच सुबक होती, आणि हा माणूस गोष्टी सुबक करण्यात किती तरबेज आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? शिवाय साक्षीदार एकही हाताशी नव्हता. बाबाजी कधीच वारला होता, मास्तर बदली होऊन गेले त्यालाही वर्षं लोटली होती. गावात दोघाचौघांना विचारता आलं असतं, पण तसं विचारणं म्हणजे आपल्या संशयाची दवंडी पिटणं, आणि रुक्मिणी ढोल घेऊन तयारच होती. तिने मनाशी एक ठरवलं. पुढच्या शनिवारी ‘तीन ओंजळी’ होता. त्याचाही शेवट चुकीचा निघाला, तर फेरीची गोष्ट खरी मानायची. असा विचार करताना तिला हेही जाणवलं, की आपला सगळ्यात लाडका सिनेमा खोटा निघावा अशी आपण देवाला प्रार्थना करतो आहोत.

तिसऱ्या शनिवारी ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. रुक्मिणीने आपल्या माहेरच्या दोघी बोलावल्या होत्या. जयराम आरतीला गेला. सिनेमा सुरू झाला. दुष्काळी गाव, कोसावरून पाणी आणणारी सून, खाटेवरून टोचून बोलणारी सासू, तोंड न उघडणारा नवरा. एके दिवशी सुनेला घराबाहेर काढतात. पुढे तिनेच दाखवलेल्या जागी विहिरीला पाणी लागतं, आणि ज्यांनी घालवलं तेच तिला वाजतगाजत परत आणतात. भरलेली घागर घेऊन ती उंबऱ्याशी येते. पद्मावतीने डोळे मिटून घेतले, मग उघडले.

सून आत शिरली नाही. तिने घागर उंबऱ्यावर उतरवली. पहिली ओंजळ तिने सासूच्या तोंडाशी धरली. दुसरी ओंजळ सगळ्यांसमोर स्वतः प्यायली, घटाघटा, हनुवटीवरून ओघळू देत. तिसरी तुळशीला घातली. आणि घागर तिथेच ठेवून, मागे वळून न बघता, ती आल्या वाटेने चालू लागली.

“तस्सोच!” बायका ओरडल्या. “पद्मावती, तू सांगी हुतंस तस्सोच गो!” एकीने तर तिच्या पाठीवर थाप मारली. रुक्मिणीचं तोंड कडू झालं. आणि पद्मावती मनातल्या मनात जुने शुक्रवार मोजू लागली.

शेवट बरोबर होता. म्हणजे या खेपेला तो शेवटपर्यंत बसला होता. शेवटपर्यंत बसला, म्हणजे फेरी चुकली. फेरी चुकली, म्हणजे तो घरी आला नाही. असे शुक्रवार होते, तिला चांगले आठवत होते. ओहोटीत फेरी रुतली, मिरची खपली नाही, बाजारात पोत्यांवरच झोपलो, असं सांगत तो शनिवारी सकाळी उगवायचा. तेव्हा तिने कधी उलटून विचारलं नव्हतं. ‘तीन ओंजळी’ त्याने त्याच रात्री सांगितला की दुसऱ्या दिवशी, हे मात्र तिला आता सांगता आलं नसतं. आणि अबोलीची पहिली माळ? ती ‘तीन ओंजळी’नंतरच्या शुक्रवारी आली होती. माळ केसांत घालताना त्या सिनेमातल्या सुनेच्या केसांत एक फूलसुद्धा नव्हतं असं आपल्या मनात आलं होतं, हेही तिला आठवलं. इतकं सगळं जुळल्यावर आणखी काय हवं होतं?

बायका गेल्या. तिने टीव्ही बंद केला, दिवा लावला आणि ती त्याच उंबऱ्यावर जाऊन बसली जिथे बसून तो सिनेमे सांगायचा. जयराम प्रसादाचा नारळ घेऊन आला. तिचा चेहरा बघून तो अंगणातच थबकला.

“त्या शुक्रवारी तुमी खंय रवलास?”

“खंयच्या?”

“‘तीन ओंजळी’च्या. आता फेरीची काणी माका सांगा नकात. शेवट बरोबर आसा.”

“बरोबर आसा?”

“काडीचोय फरक नाय. फेरीर बसान बाबाजीन तो केल्लो, असा म्हणतलास?”

जयराम दोन पावलं पुढे आला. त्याच्या चेहऱ्यावर चोर सापडल्याची भीती तिला दिसायला हवी होती. ती दिसेना. त्याने नारळ जमिनीवर ठेवला आणि पायरीवर बसला.

“सांग माका,” तो म्हणाला. “कसो केल्यान भास्कररावान?”

“तुमका ठावक नाय?”

“नाय. खराच सांगतंय, नाय. सांग.”

तिला चीड आली होती, पण सांगताना ती थांबली नाही. घागर उंबऱ्यावर ठेवते, ती म्हणाली. “मगे?” जयरामने विचारलं. पहिली ओंजळ सासूला. “मगे?” दुसरी आपण पिते. तिसरी तुळशीला. “आनी मगे?”

“मगे ती जाता. मागे बघना नाय.”

जयरामने टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. “त्या दिसा फेरीत कोण म्हणजे कोण नासला,” तो म्हणाला. “मोरजेची जत्रा हुती, सगळे थंय. मास्तर नाय, आनी बाबाजीय रजेर. मी एकलोच. विहिरीक पाणी लागला थंयसर बघान उठलेलंय. शेवट काय माका सुचाक नाय. तसोच रिकामो घरा इलंय. तू आवयक पेज घालतंस आनी विचारतंस, मगे? मी म्हटलंय, तूच सांग बघूया.”

पद्मावतीला पेजेचं ते भांडं दिसलं. सासूच्या हनुवटीखाली लावलेला पंचा दिसला. आणि आपलाच आवाज तिला ऐकू आला, एका दमात सांगणारा, जणू ते सगळं कित्येक दिवस तोंडाशी तयारच होतं. ते शेवट ओळखणं नव्हतंच. नवऱ्याच्या त्या शुक्रवारांमागे एखादी बाई असणार, हा तिचा संशय खरा निघाला होता, आणि ती बाई इथे उंबऱ्यावर बसली होती.

“आनी तुमी म्हणालास, अगदी तस्सोच,” ती म्हणाली.

“आनी काय म्हणू? तू घागर खाली ठेवलंस, पाणी प्यालंस आनी गेलंस. सांगतासना तू दाराकडे बघी हुतंस. माका त्या राती झोप नाय पडाक. म्हटलंय, ही जातली.” तो तिच्याकडे न बघता बोलत होता. “मगे दर शुक्रवारी चोपड्याच्या धक्क्यार उतारलंय की पयली अबोली घेय. बसीतसून उतारलंय की पयलो बघी, आपल्या घराक दिवो आसा काय नाय. विचारूचा धीर माका कदी झालो नाय. आजय नाय.”

अंगणात मिरचीचा वास भरून राहिला होता. पद्मावतीला खूप रडावंसं वाटलं आणि त्याहून जास्त त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. दोन आठवडे तिने याच्यावर नजर ठेवली होती, आणि हा माणूस अर्धा जन्म तिच्यावर नजर ठेवून होता, हातात फुलं घेऊन.

“माका जावचाच हुता,” ती म्हणाली. “त्या म्हयन्यात लुगड्यांचा गाठोडासुदा बांदलेला. माळ्यार ठेवलेला.”

जयरामने मान वर केली. त्याने विचारलं, अगदी हळू, ती विचारायची तसंच.

“मगे?”

“मगे काय,” पद्मावती उठत म्हणाली. “फेरी चुकली. चला, भात निवता.”